रोबोटिक्सचा संच कपाटात आणि मुले बाकावर : आठवी-नववीच्या मुलांची गोडी टिकवायची कशी?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, तासगाव तालुका

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या देणगीतून आमच्या शाळेत रोबोटिक्सचे साहित्य आले : आर्डुइनोचे (प्रोग्राम घालून मोटरी-सेन्सर चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे) दहा बोर्ड, गाडीच्या छोट्या बीओ मोटरी, चाके, अल्ट्रासॉनिक आणि इन्फ्रारेड सेन्सर, ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या सर्वो मोटरी, सोल्डरिंगशिवाय जोडणी करायचे ब्रेडबोर्ड, जंपर वायरी आणि एक मल्टिमीटर. पहिला महिनाभर मधली सुट्टी झाली की मुले प्रयोगशाळेच्या दारात उभी असत. संचासोबत आलेल्या पुस्तिकेत कोणती वायर कोणत्या छिद्रात घालायची याची रंगीत चित्रे होती आणि प्रोग्रामही तयार दिलेला होता. त्यावरून आम्ही काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी केली. ती चालली, टाळ्या पडल्या, पालकसभेत दाखवून झाली, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत प्रयोगशाळेत येणारी मुले चारवर आली.

माझ्या अडचणी मोकळेपणाने लिहिते. हे सर्व साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमस्वरूपी वस्तूंच्या नोंदवहीत, चढवलेले आहे. गेल्या वर्षी एका मुलाच्या हातून एक सर्वो जळाली तेव्हा मला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि तेव्हापासून कपाटाला कुलूप घालण्याची घाई मलाच होऊ लागली आहे. दुसरे असे की मुली मागे उभ्या राहतात. त्या वहीत सुंदर आकृती काढतात, पण पक्कड मुलांच्याच हातात असते. तिसरे म्हणजे मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे, प्रोग्रामिंग मला येत नाही. मुलांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसते आणि तसे सांगायला मला संकोच वाटतो. आता तर गाडीही धड चालत नाही. सुरू होते, हातभर जाते, थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आमच्या मुलांच्या घरी यंत्रे कमी नाहीत. बहुतेकांच्या द्राक्षबागा आहेत, निदान आईवडील बागेत कामाला तरी जातात; ठिबक, मोटरीचा स्टार्टर, फवारणीचा ब्लोअर हे सर्व त्यांनी जवळून पाहिलेले आहे. तरीही शाळेतला हा संच त्यांना आपला वाटत नाही. तो त्यांचा व्हावा यासाठी काय करावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त तंत्रशिक्षक, सातारा

बाई, नमस्कार. मी एकतीस वर्षे तांत्रिक विद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये काढली. रोबोट हा शब्द आमच्या वेळी अभ्यासक्रमात नव्हता, पण मुलाच्या हातात हत्यार दिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी पुष्कळ पाहिले आहे. त्या बळावर सांगतो की पुस्तिकेतली गाडी जोडून झाली तेथेच तुमच्या मुलांचे काम संपले होते. कोडे दुसऱ्याने सोडवलेले होते, मुलांनी फक्त ते गिरवले. गिरवण्यात हात बसतो, पण मन फार दिवस रमत नाही.

माझी पहिली विनंती अशी की पंधरा दिवस तो संच बाजूला ठेवा आणि मुलांना घरातल्या बंद पडलेल्या वस्तू आणायला सांगा. बंद पडलेला टेबलफॅन, मिक्सर, रेडिओ, भिंतीवरचे घड्याळ, खेळण्यातली गाडी, काहीही चालेल. त्या वस्तू उघडताना वीजपुरवठ्याची वायर मुळापासून काढून टाकलेली असावी, पंख्याचा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) मुलांनी हात लावण्यापूर्वी तुम्ही स्वतः रिकामा केलेला असावा, आणि जुना टीव्ही किंवा मायक्रोवेव्ह मुलांच्या हातात मुळीच देऊ नये. एवढे पथ्य पाळले की मग मुलांना सोडून द्यावे. एकदा आमच्याकडे आठवीतल्या एका मुलाने मिक्सरचे भांडे उचलून खालचे रबरी कपलर (मोटर आणि भांडे जोडणारी दातेरी चकती) पाहिले, त्याचे झिजलेले दात बोटाने मोजले आणि मोटर चांगली आहे असे सांगितले. तोवर घरच्यांनी मोटर जळाली म्हणून तो मिक्सर माळ्यावर टाकला होता. त्या मुलाला नंतर वर्कशॉपमधून बाहेर काढणे अवघड झाले होते.

दुसरी गोष्ट डेडस्टॉकची. मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला आणि साहित्याची दोन भागांत नोंद करून घ्या. बोर्ड, मल्टिमीटर यांसारख्या वस्तू डेडस्टॉकला राहू द्या. सेन्सर, सर्वो, वायरी, एलईडी, सेल हे वापरून संपणारे साहित्य म्हणून वेगळ्या वहीत घ्या, जसे आपण प्रयोगशाळेतले आम्ल आणि परीक्षानळ्या घेतो. हवे तर अटल टिंकरिंग लॅबचे उदाहरण त्यांच्यासमोर ठेवा. नीती आयोगाच्या त्या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि त्यातले दहा लाख उभारणीसाठी तर दहा लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी धरलेले असतात. म्हणजे योजना आखणाऱ्यांनीच निम्मी रक्कम वापरासाठी आणि झीज-तुटीसाठी मोजली आहे. ज्या प्रयोगशाळेत वर्षभरात काहीच जळाले नाही ती वर्षभर बंद होती असे मी तरी समजतो.

त्याचबरोबर एक बिघाड-वही घाला. काही जळाले, तुटले, चालेनासे झाले की त्या मुलाने किंवा मुलीने त्यात तारीख घालून लिहायचे : काय केले, काय दिसले, वास आला का, कोणता भाग गरम होता, कशामुळे झाले असावे. शिक्षा नाही, रागावणे नाही, फक्त नोंद. पुढच्या वेळी खुलासा द्यायची पाळी आली तर तीच वही पुढे ठेवा.

जमल्यास मुलांची एक सहल पाबळला न्या. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले हाताने काम करताना उत्तम शिकतात हे त्यांनी दुष्काळी भागात राहून दाखवले. तेथूनच मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा आठवी ते दहावीचा विषय शाळांमध्ये गेला. त्यात मुले गावाला लागणारी खरी कामे करतात आणि त्यांचा मोबदलाही घेतात. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कोणालाही वस्तू घडवून पाहता येईल अशी कार्यशाळा, २००२ मध्ये उभी राहिली ती याच पाबळमध्ये. आपल्या मुलांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.

उत्तर २ : इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, पिंपरी-चिंचवड

मॅडम, सरांचे म्हणणे मला मनापासून पटते. मी तुमच्या थांबणाऱ्या गाडीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या हाती आलेला सर्वांत चांगला पाठ तोच आहे.

गाडीला तुम्ही चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लावलेली असावी. ती बॅटरी धूरशोधक यंत्रासारख्या अगदी कमी विद्युतधारा घेणाऱ्या उपकरणांसाठी चांगली. तिचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच धारेला होणारा अडथळा, जास्त असतो. दोन मोटरी एकदम सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त धारा ओढतात, बॅटरीचे व्होल्टेज क्षणात कोसळते आणि आर्डुइनोला पुरेसे व्होल्टेज न मिळाल्यामुळे तो नव्याने सुरू होतो. त्यात मोटर चालवण्यासाठी एल२९८एन हा ड्रायव्हर असेल तर तो स्वतःच दोनएक व्होल्ट खाऊन टाकतो.

परंतु हे मुलांना सांगू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मी वर्षातून काही शनिवार मावळातल्या एका शाळेत जातो. तेथे हाच बिघाड आला तेव्हा मी मुलांना एवढेच म्हणालो की गाडी थांबते त्या क्षणी बोर्डकडे बघा, चाकांकडे नको. पाच-सहा वेळा गाडी चालवल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, थांबली की तो बारका दिवा परत लुकलुकतो, पहिल्यांदा चालू करताना लुकलुकतो तसाच.” तेथून पुढचा तास मुलांनीच चालवला. दिवा पुन्हा लुकलुकतो, म्हणजे बोर्ड पुन्हा सुरू होतो. बोर्ड पुन्हा सुरू होतो, म्हणजे मध्ये तो बंद पडतो. बंद का पडतो? मग मल्टिमीटर आला. चाके हवेत धरून मोजले, चाके हाताने दाबून मोजले, आणि साडेआठ व्होल्टवर असलेला आकडा पाचच्या खाली येताना सर्वांनी पाहिला. नववीच्या धाराविद्युत या पाठातला ओहमचा नियम त्या मुलांना पाठ होता, पण तो आपल्या गाडीत बसलेला आहे हे त्यांना त्या दिवशी कळले.

उपाय साधा आहे. मोटरींसाठी चार किंवा सहा पेन्सिल सेलचा वेगळा संच वापरावा, बोर्डला वेगळा पुरवठा द्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोक) मात्र एकमेकांना जोडावे. हे शेवटचे जवळजवळ प्रत्येक गट विसरतो आणि त्यातून पुढचा बिघाड आपोआप मिळतो. लिथियमचे सेल मात्र संरक्षक सर्किट आणि योग्य चार्जर असल्याशिवाय शाळेत आणू नयेत.

प्रोग्रामिंग येत नाही याचा संकोच मुळीच बाळगू नका. तुमचे भौतिकशास्त्र येथे जास्त कामाचे आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सरच घ्या. तो चाळीस किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. दोन मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला ध्वनीला सुमारे बारा मिलिसेकंद लागतात. मायक्रोसेकंदांतल्या त्या वेळावरून सेंटिमीटरमधले अंतर काढण्यासाठी त्याला ज्या आकड्याने भागायचे तो पुस्तिकेतल्या प्रोग्राममध्ये लिहिलेला असतो, बहुधा अठ्ठावन्न. तो आकडा पुसून टाका आणि मुलांना सांगा की जमिनीवर मीटरपट्टी ठेवून तो तुम्हीच काढा. त्यानंतर भिंतीऐवजी गोधडी टांगून बघा, पुठ्ठा तिरपा धरून बघा; सेन्सर चुकतो, आणि का चुकतो यावर मुले भांडतात. थंडीतल्या सकाळी केलेले मोजमाप जपून ठेवा आणि तेच एप्रिलच्या दुपारी पुन्हा करा. तापमान दर अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. बारा अंशांचे अडतीस अंश झाले की दोन मीटरच्या भिंतीत आठ-नऊ सेंटिमीटरचा फरक येतो. भिंत तर हलली नाही, मग आकडा का हलला? हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की त्या वर्गाची काळजी करायचे कारण नाही.

उत्तर ३ : प्राथमिक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

माझ्या शाळेत संच नाही आणि इंटरनेटही अधूनमधूनच असते, म्हणून थोडक्यात लिहितो. सीमोर पॅपर्ट या गणितज्ञाने १९६७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. तिच्यात एका कासवाला आज्ञा देऊन आकृत्या काढायच्या असतात. अडलेल्या मुलाला पॅपर्ट सांगत की तूच कासव हो आणि चालून बघ. मी तेवढेच उचलले. व्हरांड्यात खडूने चौकटी आखतो, एका मुलाचे डोळे बांधतो, आणि दुसऱ्याने आधी कागदावर लिहिलेल्या आज्ञाच तिसऱ्याने वाचायच्या, एकही शब्द वाढवायचा नाही. “डावीकडे वळ” म्हटल्यावर कोणी थोडे वळते, कोणी पूर्ण मागे फिरते. दोन दिवसांत मुले स्वतःहून “डावीकडे काटकोनात वळ” असे लिहू लागतात. आमची मुले घरी पावरी बोलतात, तेव्हा आज्ञाही आम्ही आधी पावरीत लिहितो. आठवीच्या मुलांना हे बालिश वाटणार नाही, करून बघा. गाडीचा प्रोग्राम लिहिण्यापूर्वी ती वाट एकदा पायांनी चालून झालेली असली तर पुढची चूक मुलांना स्वतःलाच सापडते.

उत्तर ४ : पालक, नाशिक

मी शिक्षक नाही, पण दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगावासा वाटतो. माझा मुलगा सातवीपासून एका खासगी रोबोटिक्स क्लासला जात होता. फी मोठी होती, स्पर्धांना नेत होते, आणि घरात तीन चषक आले. नववीत असताना आमच्या घरची दारावरची बेल बंद पडली. मी सहज म्हणालो, बघ रे काय झाले आहे. त्याने स्क्रू काढायचाही प्रयत्न केला नाही. “हे आम्हाला शिकवलेलं नाही” म्हणाला. त्या उत्तराने मी फार अस्वस्थ झालो. नंतर चौकशी केल्यावर कळले की स्पर्धेतली यंत्रे बहुतांशी प्रशिक्षकच तयार करून देत होते आणि मुले ती फक्त चालवत होती.

मॅडम, तुमच्या मुलांना स्पर्धेला जरूर न्या, त्यानिमित्त दुसऱ्या शाळांची कामे दिसतात. पण यंत्र अर्धवट राहिले, हरले, परीक्षकांसमोर बंद पडले तरी चालेल. ते मुलांचे स्वतःचे असावे. पालक म्हणून माझी तक्रार बक्षीस न मिळाल्याची कधीच नसती.

उत्तर ५ : शिक्षिका, फोंडा, गोवा

ताई, मुलींबद्दल तुम्ही लिहिले आहे त्याच्याकडे कोणी वळले नाही, म्हणून मी लिहिते.

गोव्यात शासनाने सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची केअर्स नावाची योजना आणली, त्यामुळे आमच्या शाळेत हा विषय वेळापत्रकात बसलेला आहे. वेळापत्रकात असणे फार महत्त्वाचे असते असे मला अनुभवाने वाटते. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर जे चालते तेथे घरी लवकर परतावे लागणारी मुले गळतात, आणि त्यांत मुलीच जास्त असतात. तुमच्याकडे बागेतून आई येण्यापूर्वी पाणी भरून ठेवणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी साडेपाचनंतर प्रयोगशाळेत थांबणार कशी? आठवड्याचा एक विज्ञानाचा तास किंवा कार्यानुभवाचा तास यासाठी मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. मागे राहणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांना कदाचित मागे राहावेच लागत असेल.

तास मिळाल्यावरही पक्कड मुलांच्याच हातात जाते, हे खरे. आमच्याकडे मी तिघांचे गट केले आणि कामे ठरवून दिली : एकाकडे जोडणी, एकाकडे प्रोग्राम, एकाकडे मोजमाप व नोंद. दर तासाला कामे फिरतात आणि ज्याच्याकडे जोडणी नाही त्याने वायरीला हात लावायचा नाही, मग कितीही घाई होवो. पहिले काही आठवडे हुशार मुलांची फार चिडचिड झाली. त्यांतला एक मुलगा हात पाठीमागे बांधून उभा राहत असे, नाहीतर राहवत नाही म्हणायचा. परंतु त्यालाही तोंडाने समजावून सांगावे लागले, आणि समजावताना आपल्यालाच नीट कळलेले नाही हे त्याच्या लक्षात आले. पूर्वी दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या काड्या अगदी नेटक्या बांधणाऱ्या मुलीच आता सोल्डरिंगचे काम सर्वांत स्वच्छ करतात. “मुलींनाही जमते” हे वाक्य मात्र वर्गात कधी उच्चारू नका; त्यातला “ही” त्यांना बरोबर ऐकू येतो.

आणखी एक सुचवते. यंत्र काय करावे हे ठरवताना “रोबोट बनवा” असे सांगू नका. घरात किंवा बागेत कोणते काम करताना कोणाला उगाच खेटे घालावे लागतात, रात्री उठावे लागते, ते मुलांना आठवडाभर फक्त बघून यायला सांगा. मुलींच्या याद्या जास्त लांब येतात.

प्रश्नकर्तीचे निवेदन : विज्ञान शिक्षिका, तासगाव तालुका

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. मधल्या तीन महिन्यांत जे घडले ते कळवते.

मुख्याध्यापकांनी वापरून संपणाऱ्या साहित्याची वही वेगळी करायला परवानगी दिली आणि बुधवारचा शेवटचा तास नववीसाठी दिला. साताऱ्याच्या सरांच्या सांगण्यावरून बंद वस्तू मागवल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात सतरा वस्तू आल्या, त्यांत तीन स्टार्टर होते. बिघाड-वहीची सतरा पाने भरली आहेत. गाडीच्या थांबण्याचे कारण मुलांना तिसऱ्या बुधवारी सापडले. मी शब्दही बोलले नाही, पण ते गप्प बसणे मला फार जड गेले.

फोंड्याच्या ताईंनी सांगितलेल्या याद्या मागवल्या. त्यांत एका मुलीने लिहिले होते की बेदाण्याच्या हंगामात वडील रात्री दोन-तीन वेळा उठून शेडवर जातात आणि जाळीवरच्या द्राक्षांना हात लावून, हवेत ओल आली आहे का ते बघतात. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि वाळायला दोन आठवडे लागतात. तेवढ्यात अवकाळी पाऊस झाला किंवा नुसती हवा दमट झाली तरी माल काळा पडतो आणि सौद्यात भाव पडतो. तेव्हा त्या मुलीच्या गटाने ठरवले की हवेतली आर्द्रता मोजून, ती ठरावीक आकड्याच्या वर गेली की घरात बझर वाजवायचा. डीएचटी११ हा साधा सेन्सर मागवला आणि शेडपासून घरापर्यंत पन्नास फूट वायर ओढली, फक्त बझरची.

पहिल्या रात्री बझर वाजला नाही. दुसऱ्या रात्री थांबलाच नाही आणि घरच्यांनी वायर उपटून टाकली. तिसऱ्या दिवशी ती मुलगी दोन सेन्सर घेऊन माझ्याकडे आली. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन सेन्सरपैकी एक ५२ टक्के दाखवत होता आणि दुसरा ५८. “बाई, यातला खरा कोणता?” असे तिने विचारले. मला माहीत नव्हते आणि तसे मी सांगितले. कोरड्या आणि ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकांतल्या फरकावरून आर्द्रता काढता येते, म्हणून आम्ही दोघींनी तेही करून पाहिले, परंतु आमच्याकडच्या दोन तापमापकांतच अर्ध्या अंशाचा फरक निघाला. कोणाला खात्रीची पद्धत माहीत असल्यास कृपया सांगावी. मुलगी रोज विचारते.

उत्तर ६ : इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, पिंपरी-चिंचवड

मॅडम, त्या सेन्सरच्या माहितीपत्रकातच आर्द्रतेत पाच टक्क्यांची चूक गृहीत धरलेली असते. तेव्हा दोन्ही सेन्सर चांगले आहेत असे समजायला हरकत नाही. खरा कोणता हे पाहायला स्वयंपाकघरातले मीठ पुरते. काचेच्या रुंद बरणीत, शक्यतो तळाशी एखाद्या वाटीत, मीठ घेऊन त्यात थोडेसेच पाणी घाला, म्हणजे ते पूर्ण न विरघळता ओल्या वाळूसारखे राहील. सेन्सर मिठाला न टेकता वर टांगा, वायरी जातात तेथे झाकण मेणाने किंवा कणकेने बंद करा आणि बरणी रात्रभर सावलीत ठेवा. संपृक्त मिठावरची बंद हवा पंचवीस अंशांच्या आसपास ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते, आणि तापमान थोडे वरखाली झाले तरी तो आकडा फारसा हलत नाही. असे का होते, हे मुलीला विचारू द्या.

प्रश्नकर्ती : विज्ञान शिक्षिका, तासगाव तालुका

बरणी काल संध्याकाळी शाळेत ठेवली होती. लोणच्याची मोठी बरणी त्या मुलीने घरून आणली आणि झाकणाला कणीक तिच्या आजीने लावून दिली. आज शाळा भरण्यापूर्वी गटातले तिघेही हजर होते. पहिला सेन्सर ७२ दाखवत होता, दुसरा ७८. म्हणजे पहिल्याच्या आकड्यात तीन मिळवायचे आणि दुसऱ्याच्या आकड्यातून तीन वजा करायचे, हे सर्वांत आधी नोंद ठेवणाऱ्या मुलाने सांगितले. पण त्या मुलीला ते लगेच मान्य झाले नाही. ५२ आणि ५८ मध्येही सहाचाच फरक होता, परंतु कमी आर्द्रतेला चूक तेवढीच राहते हे एका बरणीवरून कसे ठरवायचे, असा तिचा प्रश्न आहे. ती आज मीठ सोडून दुसरे काय वापरता येईल ते शोधण्यासाठी रसायनशास्त्राच्या कपाटाची किल्ली मागून घेऊन गेली आहे.